वरणाच्या बादलीतले मासे

फाल्गुन लागला की आमच्या मागच्या हौदातले नर मासे माद्यांच्या मागे धावायला लागतात. अगदी निर्लज्जपणे. सकाळी मी शाळेला निघायच्या गडबडीत एका हाताने डबा भरत असते आणि मागून थपथप आवाज येतो. पुढे टम्म पोटाची एक मादी, तिच्या मागे तिघंचौघं, ढुशा देत, पाणी उडवत. या दिवसांत नरांच्या गालांवर पांढरे बारीक ठिपके उठतात, पीठ भुरभुरल्यासारखे. त्या सजलेल्या तोंडांनी ते तिला जलपर्णीच्या मुळांत लोटतात. ती तिथे राजगिऱ्याएवढी अंडी चिकटवते, जरा दम खाते, आणि मागे वळून तीच अंडी खायला लागते. बापमंडळी तिच्या आधीच पंगतीला बसलेली असतात.

लोकांना वाटतं, मला या माशांचं फार प्रेम आहे. अजिबात नाही. इतकी खादाड आणि इतकी बिनडोक जात मी माणसं सोडून दुसरी पाहिलेली नाही. समोर टाकलेलं पोट फुटेस्तोवर खायचं, रंगावर मिरवायचं आणि पाण्यावर कुणी बोट हलवलं की तिकडे धावायचं. तरी मी दर फाल्गुनात ती मुळं अंड्यांसकट उचलून प्लास्टिकच्या टबात नेऊन ठेवते. का, ते मला विचारू नका. एखादी गोष्ट आपल्याला नीट करता येते एवढंही कारण पुरतं.

मानवतला आम्ही घर बांधलं तेव्हा भिंतींना पाणी मारायला मागे विटांचा हौद केला होता. घर झालं, हौद राहिला. त्यात डास व्हायला लागले म्हणून परभणीहून पिशवीतून गोल्डफिश आणून सोडले. डास गेले आणि गल्लीतल्या बायका यायला लागल्या. शेजारच्या वहिनींना त्यांच्या वास्तूवाल्याने सांगितलं होतं की ईशान्येला मासे ठेवा, त्यात एक काळा ठेवा, घरावरची नजर त्याच्यावर जाते. त्या घरात सासू सुनेशी बोलत नाही, मुलगा बापाशी बोलत नाही, आणि नजर मात्र बिचाऱ्या काळ्या माशाने अंगावर घ्यायची. मी त्यांना एक काळा दिला. महिनाभरात तो मेला. वहिनी आनंदाने सांगत आल्या, 'बघा, केवढी मोठी नजर होती!' त्यांनी त्याला रोज पोळीचा चुरा घालून मारला होता, हे सांगून मी त्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. तेव्हापासून त्या माझ्याशीही बोलत नाहीत.

आमचं घर शाकाहारी. पण अंड्यातून निघालेली पिलं इतकी बारीक असतात की त्यांना सुरुवातीला उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून घालावा लागतो. मी अंडी आणायची ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून काळ्या पिशवीत, चोरीचा माल आणल्यासारखी. ती उकडत असली की माझा नवरा दिगंबर घरातल्या साऱ्या खिडक्या उघडायचा आणि देवापुढे उदबत्ती लावायचा, म्हणजे देवाला वास जाऊ नये. पांढऱ्या भागाचं मी काय करते, हे त्याने कधी विचारलं नाही. दिगंबर असाच आहे. ज्याचं उत्तर अडचणीचं असेल ते तो विचारतच नाही. कचेरीत कारकून आहे, साहेबांना आवडतो. घरात मी त्याला अहो-जाहो करते. इथे कागदावर तरी एकेरीत लिहू द्या.

त्याचे थोरले भाऊ, माझे भाऊजी, परभणीत प्लॉटिंग करतात. म्हणजे कापसाची काळीशार जमीन घ्यायची, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारायच्या, कमान उभी करायची आणि एखाद्या देवाचं नाव देऊन तिला नगर म्हणायचं. पहिल्या पावसात त्या नगरात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. पण भाऊजींचे बूट कायम स्वच्छ. दिगंबरला त्यांनी शिकवलं, नोकरीला चिकटवलं, आणि ही गोष्ट त्याला विसरू दिली नाही. फोनवर त्यांचा आवाज आला की माझा नवरा बसलेला असेल तर उभा राहतो. पलीकडच्याला दिसत नाही, तरी उभा राहतो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात भाऊजींच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न ठरलं होतं. नवरदेव पुण्याचा. पुण्याचा म्हटल्यावर भाऊजींच्या अंगात आलं. चारठाण्याच्या जुन्या देवळांपुढे त्यांनी मुलीचं शूटिंग केलं. भाड्याचा लांबलचक गाऊन, वर घोंघावणारा ड्रोन, आणि ती कोरीव खांबांच्या मधून पळते आहे, वळते आहे, हसते आहे. त्या खांबांनी इतक्या वर्षांत काय काय सोसलं असेल, पण हे जरा जास्तच झालं. व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला गेला. मी पूर्ण पाहिला. पल्लवी सांगितलं तिथे हसत होती, सांगितलं तिथे थांबत होती. मला वाटलं, गाऊनबरोबर हसूही भाड्याने मिळालं असावं.

चैत्रात भाऊजी आमच्याकडे आले, सोबत एक इव्हेंटवाला. टोकदार बूट, कानात काहीतरी खुपसलेलं. त्याने घरात पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ मागे गेला आणि हौदावर मोबाइल धरला.

'मॅडम, सध्या मार्केटमध्ये फुलं कुणी बघत न्हाई. लाइव्ह एलिमेंट लागतो.'

भाऊजींनी समजावून सांगितलं. लॉन्सवर जेवणाची टेबलं असणार. प्रत्येक टेबलावर एक उंच काचेची नळी, नळीत एक मासा, खालून लाइट. 'नवरदेवाकडच्यांनी बघितलं पाहिजे, परभणीला बी काय होतं ते. मी तर सांगून बसलो, माझ्या भावाच्या घरी फार्म हाय म्हणून.'

फार्म! मी हौदाकडे पाहिलं. सिमेंटचे पोपडे आलेला, वर हिरवी जाळी ताणलेला, कडेला फुटकी बादली.

इव्हेंटवाल्याने जाळी उचलून आत पाहिलं. मोठे सोनेरी मासे वर आले, अर्थातच, खायला मिळेल म्हणून. त्यांच्या खालून त्या वर्षीची पिलं फिरत होती, बोटाच्या पेराएवढी, मळकट, शेवाळी.

'हे काळे कशाचे?'

'पिलं आहेत. गोल्डफिश सोनेरी जन्मत नाही. उन्हाळा सरता सरता रंग चढतो, पोटाकडून.'

'न्हाई मॅडम, आम्हाला रेडी माल पाहिजे.'

हे वाक्य तो माझ्या हौदाच्या कठड्यावर बूट टेकवून बोलला. मी त्याच्या बुटाकडे पाहत राहिले, त्याने पाय काढेपर्यंत.

'भाऊजी,' मी म्हणाले, 'वैशाखात मी इथे जाळी टाकून सावली करते, तरी दुपारी मासे तळाला जाऊन बसतात. तुमच्या नळीत ते जाणार कुठं? एवढ्याशा पाण्यात, खालून लाइट, उकाड्यात. श्वास घ्यायला हवा पुरायची नाही.'

'अगं, तीन-चार तासांचा तर खेळ हाय. मेले तर मेले. मासेच हायत, सुनंदा.'

'मग प्लास्टिकचे ठेवा. पुण्याच्यांना कळणार नाही.'

'प्लास्टिकचे हलत न्हाईत, मॅडम,' इव्हेंटवाला अगदी गंभीरपणे म्हणाला. असली माणसं विनोद समजायलाही दुसऱ्याला पैसे देत असावीत.

'नाही,' मी सांगितलं. 'मासे मिळणार नाहीत.'

 मी बोललेच नाही असं समजून भाऊजी भावाकडे वळले. 'दिगू?'

दिगंबर हौदाच्या कडेचं वाळलेलं शेवाळ नखाने खरवडत होता. फार मन लावून. 'बघू, दादा,' तो म्हणाला. त्याच्या तोंडातला 'बघू' कुठे जातो, हे भाऊजींना आणि मला सारखंच माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत मला शाळेत पेपर तपासायला बसावं लागलं. सातवीचं विज्ञान. 'माशाला कल्ले का असतात?' या प्रश्नाला एकाने 'शोभेसाठी' असं उत्तर लिहिलं होतं. त्याला शून्य देऊन मी घरी आले, तर दिगंबर स्वयंपाकघरात चहा करत होता. माझ्यासाठी. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासाठी चहा करायला कधी उठलेला मी पाहिला नव्हता. मी पर्ससुद्धा न ठेवता मागे गेले.

जाळी बाजूला फेकलेली. जलपर्णी उपटून फरशीवर टाकलेली, उन्हात करपलेली. पाणी गढूळ. त्या गढुळात नुसती मळकट पिलं. गल्लीत टेम्पोच्या चाकांचे ओले पट्टे अजून पुरते वाळले नव्हते.

परत आत आले. तो कप पुढे करून उभा.

'दादाचा सकाळपासून फोन येत होता. मी काय म्हणणार?'

'टेम्पोवाल्यानं पकडले?'

त्याने कप ओट्यावर ठेवला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या बाह्यांकडे गेलं. कोपरापर्यंत ओल्या होत्या.

'त्याला धरता येईना,' दिगंबर म्हणाला. 'जाळ्यात आपटायला लागला, शेपट्या फाटायलत्या. म्हणून मग मीच... हातानं. हळू धरले, सुनंदा. एकालाबी इजा होऊ दिली न्हाई.'

या वाक्यावर काय करावं, मला आजही कळलेलं नाही. मारायला न्यायच्या जिवांना त्याने हळुवार धरून दिलं होतं आणि ते तो मला सांगत होता, मी त्याला शाबासकी द्यावी म्हणून. मी चहा मोरीत ओतला आणि साडी बदलायला गेले.

लग्नाला गेले, कारण न जाणं फार सोपं होतं. जिंतूर रोडवरच्या त्या लॉन्सवर ऊन कलल्यावर लाइट लागले. प्रवेशद्वारापाशी कारंजं, त्यापुढे बर्फाचा हंस, तो वितळून बदक झालेला. स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर पल्लवी पुन्हापुन्हा त्या खांबांमधून पळत होती. आणि टेबलाटेबलांवर माझे मासे.

पाण्यात त्यांनी निळा रंग घातला होता. खालून लाइट. मासा नळीच्या वरच्या टोकाला, तोंड उघडं, बाहेरची हवा ओढत. खाली वळायलाही जागा नाही. एका टेबलाशी बसलेली जरीच्या साडीतली बाई शेजारणीला म्हणाली, 'अय्या, बघ तरी, कसा पापे घ्यायलाय!' आणि तिने त्याला जिलबीचा तुकडा घातला. दुसऱ्या टेबलावरच्या नळीत कुणीतरी सुपारी टाकली होती. तिसऱ्या नळीतला मासा कुशीवर झाला होता आणि त्या टेबलावरची माणसं निवांत पनीर खात होती. पाहुणे पुण्याचे होते आणि परभणीचेही. मूर्खपणात जिल्ह्याजिल्ह्यात काही फरक नसतो.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी मांडवामागे आचाऱ्यांकडे गेले. वाढपी वरणाच्या बादल्या ओळीने लावत होते. त्यातली एक रिकामी बादली उचलली, नळाखाली खळबळून धुतली, निम्मी पाण्याने भरली आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. नळी उचलायची, बादलीत वाकडी करायची, रिकामी नळी परत जागेवर ठेवायची. पुढचं टेबल. सिल्कच्या साडीचा पदर खोचलेला, हात निळे. बायकांनी पाय वर घेतले. एका फेटेवाल्या आजोबांनी मात्र गंभीरपणे वाटी पुढे केली.

'वरण का? इकडंबी वाढा, बाई.'

'याचा निवद दाखवायचा आहे अजून,' मी सांगितलं. ते हात मागे घेऊन बसले.

बाकीचे उभं राहून अक्षता टाकत होते. त्या माझ्या डोक्यावर पडत होत्या, बादलीत पडत होत्या. स्टेजवर अंतरपाट धरलेला, पल्लवी एका बाजूला, दागिन्यांच्या ओझ्याने किंचित वाकलेली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फोटोवाला ओरडला, 'ताई, इकडं बघा, कॅमेऱ्याकडं!' तिने मान वळवली आणि हसली.

तेवढ्यात भाऊजी आले. ओठ न हलवता बोलायची त्यांना सवय आहे. 'सुनंदा, काय तमाशा लावलास? पाव्हणे बघायलेत.'

'बघायलाच आणलेत ना मासे? बघू द्या.'

'माझी इज्जत काढायलीस तू. ठेव ती बादली.' आणि त्यांनी बादलीची कडी धरली.

मी सोडली नाही. आम्ही दोघं, वधूपिता आणि त्याची भावजय, वरणाची बादली मधे धरून उभे. त्याच वेळी मला दिगंबर दिसला. सरबताच्या स्टॉलजवळ तो काचेची एक नळी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. नळीत मासा होता. तो टेबलावरून त्याने स्वतः उचलला होता, आणि आता कुठे न्यावा हे त्याला कळत नव्हतं. माझ्यापर्यंत पन्नास पावलंही नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी त्याने ते अंतर चालून यावं म्हणून मी देवाला विनवलं असतं, पण देवाकडेही अक्षता टाकणाऱ्यांची गर्दी होती.

भाऊजींनी मागे वळून पाहिलं. 'दिगू, ठेव ते.'

आणि त्याने नळी शेजारच्या टेबलावर ठेवली. नीट, मध्यभागी, फुलांच्या पाकळ्या सारून.

मी बादलीला हिसडा दिला. निळं पाणी भाऊजींच्या सुरवारीवर उडालं. मग मी सरळ बाहेर पडले, रिक्षा केली आणि मानवतच्या एसटीत बसले.

'बाई, काय हाय बादलीत?' कंडक्टरने विचारलं.

'मासे.'

'जिते?'

'काही.'

 शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून त्याने बादलीला जागा करून दिली. त्या दिवशी मला भेटलेला तेवढाच एक माणूस.

घरी पोचेपर्यंत बरेच उलटे झाले होते. उरलेल्यांतले थोडे पुढच्या दिवसांत गेले. मी त्यांना सीताफळाच्या आळ्यात पुरलं, रडले वगैरे नाही. मासा मेला म्हणून रडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. दिगंबर सकाळी आला, लाडवांचा पुडा घेऊन. तो पुडा फ्रिजवर तसाच राहिला, मुंग्या लागेपर्यंत.

मग सबंध ज्येष्ठ, आषाढ. मी रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या बायकोची समजूत काढता येते, तिला साडी आणता येते. मी रागावले नव्हते. मी नवऱ्याला एखाद्या अनोळखी माणसासारखी पाहायला लागले होते. हा असा चालतो. हा भात असा कालवतो. हा फोनवर 'हो दादा' म्हणताना मान अशी हलवतो. राग माणसाला दमवतो. ही तुच्छता मात्र काहीच मागत नाही. सकाळी उठावं, दात घासावेत, तुच्छ लेखावं, कामाला लागावं. मला ती फार सोयीची पडली. तिची चटक लागते, हेही माझ्या ध्यानात येत होतं, पण सोडावीशी वाटत नव्हती.

पावसाळ्यात मागे राहिलेल्या पिलांना रंग चढला. आधी ती आणखी काळी पडली, मग पोटं पिवळट, मग एकेक करून शेंदरी. दिगंबर कचेरीतून आला की हौदाच्या कडेला बसून ते पाहायचा. जाळी त्याने नवी आणली, हवेचा पंप बसवला. पाणी बदलायला लागला. मी आत ओट्याशी उभी राहून, हा आता काय करतो, ते खिडकीतून पाहायची.

पुढच्या फाल्गुनात पुन्हा पिलं झाली. एका रविवारी तो सकाळीच बाहेर गेला आणि परत येताना हातात अंड्यांचा अख्खा ट्रे. गुंडाळलेला नाही, झाकलेला नाही. दोन्ही हातांवर आडवा धरून, भर गल्लीतून, शेजारच्या वहिनी दारात सडा घालत असताना, देवळातून परतणाऱ्या लोकांच्या मधून. घामाने भिजला होता. ट्रे ओट्यावर ठेवून म्हणाला, 'बाराच मागितली तर तो म्हणाला, ट्रे स्वस्त पडतो.' मी पातेल्यात पाणी घेतलं. अंडी उकडायला ठेवली. त्या दिवशी त्याने उदबत्ती लावली नाही. मी तरीही त्याला माफ केलं नव्हतं. ट्रेभर अंड्यांनी माफी मिळत असती तर जगातली सगळी पोल्ट्री संपली असती.

त्याच वर्षात पल्लवी माहेरी परत आली. का आली, ते भाऊजींच्या घरात बोललं जात नाही. कुणी विचारलं तर भाऊजी सांगतात, 'ती सध्या कोर्स करायलीय.' कसला कोर्स, कुठे, किती दिवसांचा, काही नाही. घरातल्या मोठ्या पडद्याएवढ्या टीव्हीवर तो व्हिडिओ आता लावत नाहीत, एवढंच. लग्नाला आलेल्या त्याच पुण्याच्या लोकांना ते आता नावं ठेवतात. लॉन्स भरवून ज्यांना दिपवायला निघाले होते, त्यांच्याकडे मुलगी नांदेल का, हे बघायला मात्र कुणाला फुरसत झाली नव्हती. आणि खरं तर आम्हालाही.

यंदा भाऊजींच्या मुलाचं लग्न आहे. गेल्या आठवड्यात फोन आला. मी पेपर तपासत होते. दिगंबर मागे हौदाला जाळी बांधत होता, हात गुंतलेले, म्हणून फोन कठड्यावर ठेवून त्याने स्पीकर लावला होता. भाऊजींचा आवाज सगळ्या घराने ऐकला.

'दिगू, या वेळेस टेबलावर काई न्हाई ठेवायलो. स्टेजपुढं छोटं तळंच करायलोत, त्यात सोडू. सुनंदाला बोलायला जागाच न्हाई राहिली आता. किती निघतील तुझ्याकडचे?'

माझं पेन थांबलं. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. त्याच्यापुढे भरलेला हौद, त्यात शेंदरी पाठी एकमेकांवर चढत होत्या.

'मेले, दादा,' दिगंबर म्हणाला.

'काय?'

'मेले सगळे. उन्हानं. एकबी राहिला न्हाई.'

फोन बंद झाल्यावर मी मागे गेले. 'असं का सांगितलंत?'

'मग काय सांगू?'

'नाही म्हणायचं. देत नाही म्हणायचं.'

त्याने गाठ पुन्हा आवळली. 'ते जमत न्हाई मला,' तो म्हणाला. 'खोटं जमलं, तेवढं सांगितलं.'

असला नवरा! त्याचं बंडसुद्धा खोटारडं. मला हसू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी आत पळाले.

पण खोट्याला पुढे खूप काम असतं. रविवारी भाऊजी पत्रिका द्यायला येणार, असा निरोप आला. आम्ही दोघांनी हौदावर ताडपत्री ओढली, कडेला विटा ठेवल्या. हवेच्या पंपाचा घुंऽऽ आवाज बाहेरच्या खोलीत येतो म्हणून तोही बंद केला. पत्रिका देतील, चहा पितील, जातील, असा हिशोब.

भाऊजी आले, सोबत पल्लवी. साधा ड्रेस, केस कापलेले. भाऊजी बसले ते बसलेच. मुलाच्या लग्नातलं तळं केवढं, त्यात कमळं कुठली, कोणते पुढारी येणार. ऊन चढत होतं. ताडपत्रीखाली पंप बंद. माझ्या डोळ्यांसमोर ते पाणी तापायला लागलं.

मग तो आवाज आला. पाण्यातली हवा कमी झाली की हे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतात. एकाचा आवाज येत नाही, पण हौदभर मासे एकदम वर आले की चपचप ऐकू येतं, पंगतीत भुरके मारल्यासारखं.

'कशाचा आवाज यायलाय?' भाऊजींनी मान वर केली.

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडचं खोटं संपलं होतं.

भाऊजी गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. 'मागं काय हाय?'

'बसा पप्पा, मी बघते,' पल्लवी म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत मागे गेली.

ती बराच वेळ आली नाही. भाऊजी कमळांचं पुढे सांगू लागले. मी ऐकत होते ते मागचे आवाज. वीट सरकल्याचा. ताडपत्रीचा. मग पाणी घुसळल्याचा, एकसारखा, कुणीतरी हाताने ढवळत असल्याचा. चपचप हळूहळू थांबली.

पल्लवी परत आली. उजवा हात कोपरापर्यंत ओला, ड्रेसच्या बाहीला शेवाळाचा एक हिरवा धागा. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या पदराला हात पुसला, न विचारता.

'नळ गळायलाय, पप्पा,' ती म्हणाली. 'बंद केला.'

'दुरुस्त करून घे रे दिगू,' भाऊजी म्हणाले. 'पाणी काय फुकट येतं का?'

'हो दादा,' दिगंबर म्हणाला. तो उठला, दारात गेला, खाली वाकला आणि भाऊजींच्या चपला उचलून त्याने पायरीवर ठेवल्या. नीट, जोडीने, तोंडं रस्त्याकडे करून.